उलटी बसलेली पायरी

वासुदेवराव गुरुजींनी प्रेमदासला पहिल्यांदा नीट पाहिलं ते आर्वीच्या शाळेत, फळ्याची चौकट दुरुस्त करताना. सांधा जुळवला की तो डोळे मिटून त्यावरून अंगठा फिरवी. अंगठा कुठे अडलाच, तर सगळं पुन्हा उकली. गुरुजींना असाच सुतार हवा होता.

अठ्ठावन्न सालच्या विज्ञान प्रदर्शनासाठी त्यांना डीएनएची लाकडी शिडी त्याच्याकडून करून घ्यायची होती. नागपूरच्या एका प्राध्यापकांकडून त्यांनी हे नवं शास्त्र वहीत उतरवून आणलं होतं. शिडीची प्रत्येक पायरी दोन तुकड्यांची. तुकडे चार जातींचे: ए आणि जी मोठे, टी आणि सी लहान. ए बसतो टीशी, दोन खुंट्यांनी. जी बसतो सीशी, तीन खुंट्यांनी.

"दोन मोठे जोडून पाह्यले मी," दुसऱ्या दिवशी प्रेमदास म्हणाला. "शिडीचं पोटच सुटते, गुरुजी. तुमच्या हेडमास्तरावानी!"

गुरुजींना हसू आवरेना. मग त्यांनी आरएनएची एकेरी पट्टी सांगितली. तिच्यात टीच्या जागी यू असतो, पण एशी त्याची जोडी तशीच जमते.

तेवढ्यात प्रेमदासची बायको कांता डबा घेऊन आली. कडेवर तीन वर्षांची मुलगी, गुलाब.

"जोड्या जमवून राह्यले का जी?" ती म्हणाली. "आमची त पाळण्यातच जमली. मी यायच्या मामाची पोरगी."

प्रेमदासचं लक्ष शिडीकडे होतं. एक पायरी त्याने उलटी बसवली होती. डावीकडचा ए उजवीकडे, टी डावीकडे.

"खुंट्या त बरोबर बसल्या. मले समजलंच नाई."

"जोडी बरोबर, म्हणून चूक दिसत नाही," गुरुजी रंगात येऊन म्हणाले. "शिडी मधोमध उकलते, प्रत्येक अर्धी बाजू आपला जोडीदार गोळा करते. चूक असली तर तिचीही हुबेहूब नक्कल होते."

"मंग थे चूक पोरायमंदी जाते?"

"जाते."

प्रेमदासने गुलाबचा हात हातात घेतला. बोटं सुजलेली होती, डोळे पिवळट.

"माह्या लहान्या भावाची बोटं अशीच सुजत होती. कांताच्या भावाचीबी. दोघंई गेले."

कांताचा चेहरा उतरला. गुरुजींनी हातातला खडू खाली ठेवला.

पुढच्या आठवड्यात ते तिघांना नागपूरला घेऊन गेले. डॉक्टरांनी तिघांच्याही बोटातलं रक्त काचेवर घेतलं. गुलाबच्या रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकल्या होत्या. आईबापांत हा दोष एकपदरी, म्हणजे दोन प्रतींपैकी एकीतच, म्हणून ते धडधाकट. पोरीला दोघांकडून एकेक मिळाला. तो दोष शिडीच्या नेमक्या कोणत्या पायरीवर, ते अजून कोणालाच ठाऊक नाही, असं डॉक्टर म्हणाले. पुढच्या प्रत्येक मुलाला चारात एक धोका.

कांताला सातवा महिना होता.

"पोटातल्याचं सांगता येते का, डाक्टरसाहेब?" प्रेमदासने विचारलं.

"नाही. जन्मल्यावरही सहा महिने नीट कळत नाही."

परतीच्या मोटारीत कांता खिडकीकडे तोंड करून बसली.

मुलगा झाला. गुटगुटीत आहे, हसतो, आज पाच महिन्यांचा आहे. प्रेमदास अजून त्याच शाळेत सुतारकाम करतो, आणि पुढच्या महिन्यात त्याला घेऊन नागपूरच्या डॉक्टरांकडे जाण्यासाठी त्याने दोन दिवसांच्या रजेचा अर्ज दिला आहे.