कॉमनमधली आक्का

संध्याकाळी कॉन्ट्रॅक्ट लॉक होणार होतं आणि आक्का अजून कॉमनमध्येच होती.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. निपाणीत विड्या वळायची. मी बेळगावात एका गेम कंपनीत पात्रांची ताकद आणि दुर्मीळपणा ठरवते. आमच्या लढाईच्या गेममधली पात्रं एनएफटी आहेत. म्हणजे प्रत्येक प्रतीचा मालक ब्लॉकचेनवर नोंदलेला असतो, त्याला ती विकता येते. कॉमनच्या हजारो प्रती, लेजंडरीची एकच. कॉन्ट्रॅक्ट म्हणजे या नियमांचा कोड. लॉक झाल्यावर तो कुणालाच बदलता येत नाही.

आक्कावरून मी 'कात्रीवाली' काढली होती. स्केच बघून ती हसली. "तलवार नको गं, मला झेपायची न्हाय. माझी पानं कापायची कात्रीच दे."

महिन्यापूर्वी ती गेली. मी कामावर परतले तेव्हा नवा नियम आला होता: पाच कॉमन 'बर्न' केली की वरच्या दर्जाचं एक रेअर. बर्न झालेली प्रत कायमची नष्ट होते. तो शब्द वाचला आणि तशीच उठले.

आमच्या टीमचे प्रमुख भरत सर यांच्याकडे गेले. "सर, कात्रीवालीला बर्नमधून वगळूया."

"मग बाकीच्यांनी काय घोडं मारलंय? लेजंडरी कर की. एकच प्रत. कोण जाळतंय तिला?"

मोह झाला. कर्सर टियरच्या, म्हणजे दर्जाच्या रकान्यावर नेलाही. पण आठवलं. आजारपणात आक्काला अनगोळला माझ्या घरी आणलं होतं. मांडीवर पानं-तंबाखूचं सूप घेऊन विड्या वळायला बसली आणि थोड्याच वेळात उठली. "एकटीनं हात चालत न्हाय गं. मला निपाणीला सोड."

पुन्हा केबिनमध्ये गेले. "कॉमनच राहू दे, सर. पण तिघी कात्रीवाल्या शेजारी उभ्या केल्या की ताकद दुप्पट. मग लोक जपून ठेवतील."

"टेस्टिंग?"

"आत्ता करते."

"चुकलं तर मलाही हात लावता येणार नाही. कळतंय ना?"

जेवले नाही. पहिल्या टेस्टमध्ये तिघी हरेचनात. असा गेम कोण खेळणार? दुप्पटचं दीडपट केलं. पुन्हा चालवलं. खिडकीबाहेर दिवे लागत होते. या वेळी एकदा हरल्या, एकदा जिंकल्या. सर मागे उभे राहून म्हणाले, "हं. टाक." लॉक झालं.

लाँचनंतर रोज सकाळी आधी बर्नची यादी उघडायचे. लोक खरंच तिघींना जपत होते. चौथी मिळाली की मात्र बर्न.

या कामातला धडा एवढाच, की लॉक होणारा आकडा लिहिण्याआधी नीट मोजावं. मी तीन लिहिलं. आक्काच्या दारात विड्या वळायला सहाजणी बसायच्या.