रिह्याच्या डोंगरावरचे नऊ दगड

मुळशीला जाऊन आलात की तुम्ही मंडळी मला धरणाचे आणि कांदाभज्यांचे फोटो पाठवता आणि विचारता, "काका, अजून काय बघावं?" दगड बघा. मी दुसरं काय सांगणार! साठच्या दशकाच्या सुरुवातीला मी पुण्यातल्या एका कॉलेजात भूगर्भशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर होतो आणि आमच्या सरांबरोबर चार दिवस मुळशीतल्या रिहे गावाला गेलो होतो. त्या चार दिवसांचा शीण अजून उतरलेला नाही, म्हणून आज लिहायला बसलोय.

जायचं ठरलं ते सरांच्या हट्टापायी. ते उन्हाळ्यात निवृत्त होणार होते, गुडघे तर आधीच निवृत्त झालेले. पण आपला देश दुसरीकडून सरकत सरकत इथे आला आहे, हे त्यांच्या मनाने घेतलं होतं. सह्याद्री म्हणजे थरावर थर साचलेला लाव्हा. तो थंड होताना त्यातले लोखंडाचे बारीक कण त्या वेळच्या उत्तरेची दिशा धरून, थोडे वर किंवा खाली झुकून, कायमचे बसतात. तो झुकाव मोजला की ती जमीन तेव्हा पृथ्वीवर कुठे होती ते कळतं. सर म्हणायचे, विषुववृत्ताच्या पार खाली, दक्षिणेत. बाकीचे प्राध्यापक चहा पिताना हसायचे. मोजायचं यंत्र मुंबईला होतं आणि सरांना त्यावर एकच दिवस मिळाला होता, येता सोमवार. तो हुकला असता तर पुढची पाळी येईपर्यंत सर घरी बसलेले असते.

गुरुवारी सकाळच्या एसटीने पिरंगुटला उतरलो. तिकीट रुपयाच्या आतलं, धूळ फुकट. पुढे घोटावड्यावरून रिह्यापर्यंत पायी. आज तुम्ही गाडीने चुटकीसरशी पोचाल, आम्हाला दुपार कलली. सर दर फर्लांगाला बसायचे आणि बसल्या जागी समोरचा डोंगर समजावून सांगायचे. मार्गशीर्ष होता. भात कापून झालेलं, खाचरं मोकळी, हवा कोरडी. जायचं तर याच दिवसांत जा. पावसाळ्यात कडे दिसत नाहीत आणि वैशाखात दगडाला हात लावता येत नाही.

मुक्काम धोंडिबा आणि गंगूबाई या शेतकरी जोडप्याकडे होता. आंबेमोहराचा भात आणि हुलग्याचं कालवण. पैशाचं विचारलं तर धोंडिबा म्हणाला, "भात घरचा हाय. त्येचं काय घ्यायचं?" मी जेवता जेवताच पेंगलो.

शुक्रवारी धोंडिबाला बरोबर घेऊन डोंगर चढलो. लांबून बघा, रिह्याचा डोंगर पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो. एकेक पायरी म्हणजे लाव्ह्याचा एकेक लोट. मध्ये तांबड्या मातीचा पट्टा दिसला की समजायचं, इथे आग बराच काळ थांबली होती, माती तयार होण्याइतका. हे सगळं सर धापा टाकत सांगत होते आणि मी मनात परतीच्या उताराचा विचार करत होतो.

काम दिसायला सोपं. कड्यातला एक तुकडा निवडायचा, होकायंत्राने उत्तर बघायची, दगडावर आडवी रेघ आणि उत्तरेचा बाण काढायचा आणि मगच छिन्नीने तुकडा सोडवायचा. बाण नसेल तर तो दगड आणि रस्त्यातला धोंडा सारखेच. धोंडिबा जवळ आला की सुई वळायची. सर ओरडायचे, "अरे, तो कमरेचा कोयता लांब ठेव!" बाण तेलरंगाने काढायचे होते. पण ओझं नको म्हणून मी रंगाचा डबा सकाळी धोंडिबाच्या घरीच ठेवला होता. बाण खडूने काढले, म्हटलं संध्याकाळी रंगवू. नारळाएवढे नऊ दगड घेऊन खाली आलो, पडवीत ओळीने मांडले आणि आडवा झालो तो सकाळीच उठलो.

उठून बघतो तर नऊही दगड स्वच्छ धुतलेले, वर हळदकुंकू.

"गंगूबाई, हे कुणी केलं?"

"मी. तुमी येवढं जपून आनल्यालं, आन कुन्या पोरानं त्येच्यावर खडूनं गिरगोट्या वडल्या व्हत्या. देवाचं दगुड असं ठिवत्यात व्हय?"

मी एकेक दगड उलटून बघितला, एकावरही बाण उरला नव्हता. सर बाहेर आले, दगडांकडे बघत राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "चूक तिची नाही." ती कुणाची, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मला ते जास्त लागलं.

उपाय धोंडिबाला सुचला. "जितनं काडलं तितं परत बसवा की. तुटल्याला दगुड आपल्या खाचंत बसतुयाच." खरंच होतं! तुटलेल्या कपाचा कान जसा जागेवर नेमका बसतो, तसा दगड खाचेत बसला की बाण पुन्हा काढता येणार होता. कालच्या चढानंतर सरांना पुन्हा चढणं शक्यच नव्हतं. गंगूबाईने पदर खोचला. "धुतलं मी, तवा न्येनार बी मीच." पाच दगड पाटीत घालून तिने डोक्यावर घेतले. चार मी आणि धोंडिबाने. रंगाचा डबा या खेपेला आठवणीने घेतला.

काल जे ओझं उतारावर जड वाटलं होतं, ते आज चढावर. पायांत गोळे आले. एकेक खाच शोधायची, दगड फिरवून बघायचा, नेमका बसला की उत्तर बघून रंगवायचं आणि वाळेपर्यंत थांबायचं. आठ बसले. नववा बसेना. त्याच्या खाचेच्या कडेचा दगड काढतानाच भुगा झाला होता. उन्हं उतरली, तरी मी फिरवतोच आहे.

गंगूबाई म्हणाली, "न्हाई बसत तर न्हाई बसत म्हना. त्यात काय लाजायचं?"

मी बाण काढला.

"आन ह्यो कशाचा?"

"अंदाजाचा."

"मंग सायबांस्नी तसं सांगा म्हंजी झालं."

"हो," मी म्हणालो.

खाली आलो तेव्हा सर उंबऱ्याशी उभे होते, सकाळपासून जेवले नव्हते. "बसले?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "सगळे." गंगूबाईने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि चुलीपाशी गेली. सर त्या दिवशी दोनदा भात मागून जेवले. रविवारी आम्ही परतलो.

आता शाळेतली मुलंसुद्धा जाणतात की सरांचं बरोबर होतं. त्या वेळची आग आज रीयुनियन बेटाखाली आहे, असं म्हणतात. चुलीतला जाळ एका जागी, वरून भाकरी सरकवत न्या, जागोजागी डाग उठतील, तसं आपली जमीन उत्तरेला सरकत असताना झालं. लक्षद्वीप, मालदीव, मॉरिशस, रीयुनियन, सगळे त्याच जाळाचे डाग. लक्षद्वीपला प्रवाळाच्या खाली बुडालेले ज्वालामुखी आहेत. आपल्या रिह्याचा डोंगर त्या बेटांचा थोरला भाऊ.

मे महिन्यात सर माझ्या खोलीवर आले. तीन जिने चढून. पाणी प्यायले, पिशवीतून त्या नऊ दगडांवर लिहिलेला लेख काढला. मुंबईच्या यंत्रावर आठ दगड जमीन दक्षिणेत होती असंच दाखवत होते, एकमेकांना धरून. नववा भलतंच काही सांगत होता.

"आठ जुळले म्हणून नववा टाकून द्यायचा, असं मी मुलांना कधी शिकवलं नाही," ते म्हणाले. "तो नीट बसला होता ना रे? नक्की?"

खरं सांगायला अर्धं मिनिट लागलं असतं.

"हो सर. नक्की."

"मग माझंच कुठेतरी चुकतंय," ते म्हणाले. लेखाची घडी घालून त्यांनी तो पुन्हा पिशवीत ठेवला, भिंतीचा आधार घेत उठले आणि जिना उतरायला लागले. तो लेख कधीच छापून आला नाही.