जानीबायची पडीक जमीन

कासा गावच्या बाजाराच्या दिवशी जीप भरल्याशिवाय हलत नाही. आत चौदा माणसं कोंबली तरी ड्रायव्हर म्हणतो, "अजून दोन बसतील." तेवढ्या वेळात आम्ही बाया मागच्या बाकड्यावर बसून सर्वेवाल्या साहेबांचे किस्से काढतो. एकीचा सांगून झाला की दुसरीला तिसरा आठवतो. असे इतके साठलेत की मी सांगितलेलाच एक किस्सा परवा चारोटीला एका परक्या बाईने मला ऐकवला, आणि त्यात मी साहेबांच्या कानाखाली मारते! मी मारलं नव्हतं. मनात आलं होतं, ते वेगळं. म्हणून म्हटलं, जेवढं झालं तेवढं आपणच लिहून ठेवावं.

मामला असा. मुंबईत जमिनीखालून जाणारी गाडी अजून पुढे न्यायची होती. त्यासाठी तिथली झाडं तुटणार आणि त्यांच्या बदल्यात दुसरीकडे कुठेतरी लावणार. हे 'दुसरीकडे कुठेतरी' म्हणजे डहाणूकडचा आमचा पाडा. दोन हजार अठराच्या उन्हाळ्यात एका सल्लागार कंपनीची माणसं पडीक जमीन शोधत आली. मुख्य नाडकर्णी साहेब, आणि त्यांच्या हाताखाली झाडांच्या जाणकार मिताली मॅडम. दुपारचं जेवण आमच्या बचत गटाकडे, म्हणजे माझ्याकडे. वाट दाखवायलाही मीच.

त्यांना पसंत पडली टेकडीच्या उताराची जमीन. ती कसते माझी शेजारीण जानीबाय. नवरा गेला, मुलगी सासरी, तिला आधार तेवढ्या तुकड्याचा. पण कागदावर ती जागा जंगलाची. आपल्या नावावर व्हावी म्हणून जानीबायने वनहक्काचा दावा टाकलेला, आणि दोन हजार पाचच्या आधीपासून कसत होतो असा पुरावा नाही म्हणून तो अडकलेला. सासऱ्याने कागद म्हणून जे ठेवलं होतं ते वाळवीने वाचून संपवलं. मी गावच्या वनहक्क समितीत. समितीत बाया पाहिजेत असा नियम आहे म्हणून मला घेतलं, नंतर पस्तावले.

जमीन सरकारदरबारी पडीक ठरली की जानीबायचा दावा मेला. एवढं आम्हाला पहिल्या दिवशीच कळलं होतं.

*

पहिल्या बैठकीत साहेबांनी शाळेच्या ओट्यावर नकाशा पसरला. कोपऱ्यांवर दगड ठेवले आणि समजावलं, गाडी जमिनीखालून कशी जाणार, वर कुणाला काही त्रास नाही, धूर नाही, गर्दी नाही.

जानीबाय नकाशाकडे बघत होती. म्हणाली, "साहेब, गाडी जमिनीखालून जाते ना?"

"हो मावशी."

"मग वरची झाडं कशाला तोडता?"

साहेबांनी मॅडमकडे बघितलं. मॅडमनी नकाशाकडे बघितलं. शेवटी साहेब म्हणाले, "मावशी, ते टेक्निकल आहे."

तेव्हापासून आमच्या पाड्यात उत्तर नसलं की हेच चालतं. माझा नवरा संध्याकाळी डुलत घरी आला, मी विचारलं, "कुठे होता?" भिंतीला धरून म्हणतो, "ते टेक्निकल आहे."

*

साहेब जमीन बघायला गेले तो मे महिना. पेरणीच्या आधी आम्ही जमिनीवर फांद्या, पालापाचोळा, शेण पसरून भाजतो. त्याला राब म्हणतात. त्या भाजलेल्या जागेत रोप जोमाने येतं. माझ्या आजीच्या आजीपासून हेच चाललंय.

साहेबांना उतारावर काळी जमीन दिसली. लगेच मॅडमना सांगितलं, "लिहा, वणव्याने जळालेली पडीक जमीन."

जानीबाय पुढे झाली. "वणवा नाय साहेब. मी जाळली."

बरोबर आलेला जंगलखात्याचा गार्ड तिच्या कानाशी पुटपुटला, "ए बाय, गप. जंगलाची जमीन जाळली म्हणून केस होईल तुझ्यावर."

म्हणजे बघा. तोंड मिटलं तर जमीन पडीक, तोंड उघडलं तर जानीबाय आरोपी. मी गार्डला म्हटलं, "दादा, तिसरं काही आहे का तुमच्या पुस्तकात?"

तो म्हणाला, "आहे. साहेब जेवायला कधी बसणार ते विचार."

*

राबासाठी आम्ही ऐनाच्या फांद्या उतरवतो. झाड तोडत नाही, फक्त फांद्या. नुसतं खोड उभं राहतं, पावसात पुन्हा फुटतं. मिताली मॅडमनी जानीबायच्या जमिनीवरच्या एकेका ऐनाला लाल रंगाने नंबर टाकला आणि तक्त्यात प्रत्येकापुढे लिहिलं, 'मृत'.

मी म्हटलं, "मॅडम, नाडकर्णी साहेब काल कासाला टक्कल करून आलेत. त्यांच्यापुढे काय लिहिलंत?"

मॅडम हसल्या. चांगली बाई होती. पण साहेबांनी ऐकलं होतं. म्हणाले, "मृतच राहू द्या. फॉरमॅटमध्ये जिवंत आणि मृत असे दोनच रकाने आहेत."

पाऊस पडून गेल्यावर मॅडम तक्ता घेऊन परत आल्या. लाल नंबरवाले सगळे मेलेले ऐन पानांनी भरलेले. मॅडम छत्री धरून एकेका झाडाचा नंबर तपासत फिरल्या. मग विचारलं, "मावशी, आता काय लिहू?"

मी म्हटलं, "लिहा, मेलेल्यांची तब्येत बरी आहे."

*

साहेबांना शुगर होती. भात बंद, म्हणून मी त्यांना नागलीची भाकर आणि चिखल्याहून आलेल्या सुक्या बोंबलाची चटणी वाढायची. पहिल्या दिवशी त्यांनी दोन भाकरी खाल्ल्या, दुसऱ्या दिवशी तीन. मॅडमना सांगत होते, "ही खरी नाचणी. मुंबईत असली बघायलाही मिळत नाही. मावशी, कुठून आणता?"

मी खिडकीतून हात केला. "ती समोर. सकाळी तुम्ही पडीक लिहिली ना, तिथली."

साहेबांनी घास खाली ठेवला नाही, एवढं त्यांचं कौतुक. गिळून म्हणाले, "दोन किलो बांधून द्या घरी न्यायला."

जानीबाय पाणी घेऊन आली होती. ती म्हणाली, "पडीक जमिनीत दोन किलो कुठून येणार, साहेब?"

*

कंपनीच्या अहवालात एक ओळ होती की इथल्या लोकांना झाडांचं महत्त्व कळत नाही, त्यांच्यात जागृती करावी. मग जागृती करायला साहेब बॅनर घेऊन आले. बॅनरवर 'झाडे लावा', आणि बॅनर लावला मोहाच्या खोडात चार खिळे ठोकून. आमच्या बायांनी आधी ते खिळे काढायला लावले, मग खाली बसल्या.

साहेबांनी विचारलं, "सांगा बरं, झाड आपल्याला काय देतं?"

एक म्हणाली मोहाची फुलं. दुसरी म्हणाली मोहाच्या बियांचं तेल. मग पळसाची पानं पत्रावळीला, खजुरीच्या पानांचे झाडू, करवंदं, डिंक, तापावरची साल, बाळंतिणीचा काढा, छपराला लाकूड. कुणीतरी ताडी म्हणाली तेव्हा गार्ड आभाळात पक्षी बघायला लागला. बाया थांबेनात. साहेब मान हलवत होते, "नाही, नाही, अजून एक महत्त्वाचं. सगळ्यात महत्त्वाचं."

कुणालाच येईना. शेवटी साहेबांनीच सांगितलं. "ऑक्सिजन! श्वास घ्यायला हवा देतं झाड."

जानीबाय माझ्याकडे वळली आणि चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाली, "लखमीबाय, विचार यांना. ती पण मुंबईला नेणार का?"

*

त्या थंडीत आमच्याकडे जमीन हलायला लागली. डहाणूच्या आतल्या बाजूला आणि तलासरीकडे अधूनमधून धक्के. भांडी वाजायची, भिंतींना चिरा. माणसं घर सोडून अंगणात प्लास्टिक बांधून राहात होती. साहेब मुंबईत, त्यांना पेपरात वाचून माहीत असेल तेवढंच.

तशात ते लोकांचं मत घ्यायचा फॉर्म घेऊन आले. फॉर्म मुंबईच्या लोकांसाठी छापलेला, उरलेला गठ्ठा आमच्यासाठी. जानीबायला घरात समोर बसवून विचारायला लागले.

"नवीन मार्गामुळे तुमचा प्रवासाचा किती वेळ वाचेल? दहा मिनिटं, वीस मिनिटं, का त्याहून जास्त?"

"जीप भरली तर."

"स्टेशनपर्यंत चालत जाता का रिक्षाने?"

"कुठलं स्टेशन?"

"सध्या 'लागू नाही' लिहितो. बरं, गाडी खालून जाताना जमिनीत थोडी कंपनं जाणवतील. त्याची तुम्हाला भीती वाटते का?"

आणि तेवढ्यात खालून घर्रर्र झालं. फळीवरचा तांब्या घरंगळला, छपरातून माती पडली. नाडकर्णी साहेब फॉर्म, पेन, चपला, सगळं टाकून अंगणात! इतक्या चपळाईने मी त्यांना जेवायलाही बसताना बघितलं नव्हतं.

जानीबाय दारात येऊन उभी राहिली. अंगणात साहेब अनवाणी उभे होते.

ती म्हणाली, "एवढ्यात आली पण गाडी?"

*

आता शेवटचा. हा सांगायला लागले की जीप सुटायची वेळ झाली तरी बाया ड्रायव्हरला थांब म्हणतात.

दुसऱ्या वर्षी पावसाळ्यात जानीबायच्या दाव्याची डहाणूला प्रांत ऑफिसात सुनावणी लागली. कंपनीनेही हरकत घेतलेली, की दावा काढून टाका म्हणजे आम्हाला झाडं लावता येतील. जानीबायने ठेवणीतलं लुगडं नेसलं. आमच्या हातात, ही जमीन जानीबायच कसते असा गावचा ठराव, बाकी काही नाही. जीपमध्ये ती एकदाच बोलली, "गेली तर मी करू काय, लखमीबाय?" मी ठरावाची घडी पुन्हा पिशवीत नीट ठेवली. मला काय माहीत होतं?

खुर्चीवर प्रांत मॅडम होत्या. त्यांनी विचारलं, "जमीन कधीपासून कसता?"

जानीबाय म्हणाली, "मी लगीन करून आले तेव्हा सासू तिथे वरई निंदत होती."

"हे तोंडी झालं. कागद काय आहे?"

मी ठराव पुढे केला. मॅडमनी वाचला, बाजूला ठेवला. "ठराव ठीक आहे. पण दुसरा पुरावा लागेल, दोन हजार पाचच्या आधीचा. नसेल तर मला काही करता येणार नाही."

जानीबायने पदराचं टोक मुठीत आवळलं.

तेवढ्यात नाडकर्णी साहेब उठले. हातात जाडजूड अहवाल. "मॅडम, या बाईंनी जमिनीचं काय केलंय ते मला रेकॉर्डवर आणायचंय." आणि वाचायला लागले. "सदर जमीन दावेदार व तिच्या कुटुंबाने वर्षानुवर्षे नागली व वरई पिकवून, राब जाळून आणि ऐनाच्या फांद्या तोडून निकृष्ट केलेली आहे."

जानीबाय उसळली, "आमी खराब नाय केली—"

मी टेबलाखाली तिच्या पायावर पाय दिला. चांगला जोरात.

प्रांत मॅडमनी मान वर केली. "वर्षानुवर्षे म्हणजे किती?"

"मॅडम, आमच्या तज्ज्ञांनी ऐनाच्या खोडांवरचे जुने घाव तपासलेत. एकावर एक घाव आहेत. निदान चाळीस वर्षं."

बाजूला मिताली मॅडम बसल्या होत्या. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि मग फाईलमध्ये जे डोकं घातलं ते वर काढलंच नाही.

"म्हणजे दोन हजार पाचच्या आधीपासून?" प्रांत मॅडमनी विचारलं.

"दोन हजार पाच काय घेऊन बसलात मॅडम! त्याच्या कितीतरी आधीपासून. सासऱ्यापासून चाललंय. एक वर्ष म्हणून सोडलेलं नाही यांनी."

"याच कुटुंबाने?"

"दुसरं कोण येतंय तिथे मरायला?"

प्रांत मॅडमनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. मग क्लार्कला म्हणाल्या, "साहेबांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. आणि खाली त्यांची सही घ्या."

क्लार्कने लिहून कागद पुढे सरकवला, पण त्याचं पेन सही करायच्या वेळी उठेना. झटकलं तरी उठेना.

"असू दे, असू दे," नाडकर्णी साहेब म्हणाले आणि त्यांनी खिशातून स्वतःचं पेन काढलं.