शिडाची बोट, एक बॅटरी आणि माझी खोड

दादाचा फोन आला तेव्हा मी उसाला पाणी पाजत होतो. "एप्रिलात ये. बोट पाण्यात हाय," एवढंच म्हणाला. फौजेत तो बोटी सांभाळायचा. निवृत्त झाल्यावर स्वतःच्या हातानं दोन माणसांची शिडाची बोट बांधली आणि बामणोलीला शिवसागर जलाशयात नेऊन सोडली. आमच्या खानदानात विहिरीपलीकडं पाणी कुणी बघितलेलं नाही. पण थोरला भाऊ बोलावतोय म्हटल्यावर नाही कसं म्हणणार?

पलूसहून पहाटे निघालो, साताऱ्यात मिसळ चापली आणि कासच्या वाटेनं बामणोलीला उतरलो. जाणाऱ्यांसाठी सांगतो: पेट्रोल साताऱ्यातच भरा, पाण्यात उतरायची परवानगी आधी काढा, घाटात वळणावर हॉर्न द्यायला लाजू नका. काठावर पिठलं-भाकरी झकास मिळते. एप्रिलात पाणी खाली गेलेलं असतं, त्यामुळं बोटीपर्यंत गुडघाभर चिखल तुडवावा लागतो. माझी एक चप्पल अजून तिथंच आहे.

बोटीवर दादानं आधी लाईट दाखवली. टपावर सोलरची दोन पॅनेल, मागं वाऱ्यावर फिरून वीज करणारं छोटं पातं, आणि दोन्हींची वीज साठवणारी, इन्व्हर्टर जोडलेली फळीखालची बॅटरी. तिच्यावर फ्रिज, पंखा, वारा पडला तर बोट ढकलायची छोटी मोटर आणि दादाचं वाफेचं मशीन. दादाला दमा आहे.

"ह्यो आकडा बघ," मीटर दाखवत तो म्हणाला. "साडेबारा व्होल्टाच्या वर हाय तवर बिनघोर. बाराच्या खाली गेला की हात आखडायचा. दिवसा साठवायचं, सांजच्याला खायचं."

"व्हय व्हय, कळलं," मी म्हणालो. डोंबल कळलं होतं!

पहिला दिवस सोन्यासारखा गेला. वारा भरपूर, शीड फुगलेलं. दुसऱ्या दिवशी जेवून दादा आडवा झाला. ऊन रखरखीत. आता आमच्याकडची रीत सांगतो. शेतीची लाईट ठरल्या तासांपुरती येते. आली की पळत जाऊन मोटर चालू करायची, आहे तवर पाणी ओढून घ्यायचं, कारण गेली की गेली. जन्मभर हेच अंगात मुरलंय. तळपणारी पॅनेल बघून माझ्या मनानं घेतलं, लाईट आली! फ्रिज फुल्ल केला, पंखा लावला, दोन्ही फोन जोडले आणि बोटीची मोटर लावून तासभर जलाशयात हिंडलो. साठवायच्या वेळेला मी उधळत होतो, आणि वर मजेत शीळ घालत होतो.

चारच्या सुमारास वळवाचे ढग चढले. वारा पडला. जावळीच्या डोंगरांवर भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा जाळून राब भाजत होते, तो धूर पाण्यावर उतरून तिथंच बसला. दादा खोकतच उठला. तोंडात मारायचा पंप दोनदा ओढला, उतार नाही. ओठ निळे पडायला लागले. "मशीन लाव," म्हणाला. मी बटण दाबलं. इन्व्हर्टर पी-पी ओरडला आणि बंद पडला. मीटरवर साडेअकरा.

दादानं आकडा बघितला, मग माझ्याकडं. "काय काय... चालू ठेवलं हुतंस रं?"

काठ लांबवर दिसत होता, वल्हवत जायला तास तरी लागला असता.

"मोटर लावू का दादा? काठाला जाऊ?"

त्यानं नको म्हणून मान हलवली; बॅटरीत उरलंसुरलं मोटरनंच खाल्लं असतं. "सगळं बंद कर. बॅटरीला... दम खाऊ दे."

फ्रिज, पंखा, फोन, सगळ्या वायरी उपटल्या. पॅनेलवर बसलेली राख सदऱ्यानं पुसली आणि मीटरसमोर बसलो. अकरा पॉइंट सहा. मागं दादाची छाती सूं-सूं वाजत होती. अकरा पॉइंट सात. मी देवाचं नाव घेत होतो, मध्येच स्वतःला शिव्या घालत होतो. माझ्या खोडीपायी माझा भाऊ जाणार, एवढंच डोक्यात. ढगाला फट पडली, पॅनेलवर ऊन आलं. अकरा पॉइंट नऊ.

"आता," दादा म्हणाला.

मशीन घरघरलं. वाफ आली. मी मास्क धरून बसलो. औषध संपता संपता इन्व्हर्टर पुन्हा बोंबलला, पण तोवर दादाचे खांदे खाली आले होते. मग मी वल्ही उचलली. तळहाताला फोड आले तरी थांबलो नाही. बामणोलीच्या काठावरून गाडीनं थेट मेढ्याचा दवाखाना. "वाफ वेळेत मिळाली म्हणून बरं," डॉक्टर म्हणाले. मी बाहेर जाऊन ढसाढसा रडलो. लाज कसली त्यात?

"बोट ब्येस हाय," दुसऱ्या दिवशी दादा खाटेवरून म्हणाला. "गडीच अडाणी भेटला."

कुणी अशी बोट करत असाल तर ऐका: औषधाच्या मशीनला वेगळी बॅटरी ठेवा, तिला दुसरं काही म्हणजे काही जोडू नका. दादानं आता तसंच केलंय.

आठवड्यानं पलूसला लाईट आली आणि ऑटोवर टाकलेली विहिरीची मोटर आपोआप सुरू झाली. ऊस आधीच तुडुंब, पाणी बांधावरून चाललेलं. मी जाऊन मोटर बंद केली.

"आवं, लाईट हाय की!" बायको बांधावरून ओरडली. "बंद का केली? हितली लाईट काय साठून ऱ्हातीया व्हय?"

"लाईट न्हाई ऱ्हात," मी म्हणालो. "पानी ऱ्हातंय की हिरीत."

मी तिथंच बसून दादाला फोन लावला. "कसं हाय?"

"झ्याक," तो म्हणाला. "पावणेतेरा."

मी छातीचं विचारलं होतं.