एका गालाचं उटणं

शिरूरच्या आठवडे बाजारात आंबेहळद, कचोरा आणि संत्र्याच्या सालीचं उटणं विकणारी एक बाई, गिऱ्हाइकांनी फरक स्वतःच बघावा म्हणून, एकाच गालाला लेप लावून राणीसारखी बसायची. एकदा एक आई तरण्या मुलीला ओढत तिच्यापुढे आली. मी मेथी घ्यायची विसरून तिथंच रेंगाळलो.

“मावशी, रविवारी हिला बघायला येणार हायत. तवर गोरी हुईल का?”

“न्हाई. उन्हानं रापलेलं तोंड एकसारखं दिसंल. रंग तुमचा हाय, त्यो कुठं जातोय? ह्याच रंगावर तुमचं लगीन झालंच की.”

मान खाली घालून उभी असलेली मुलगी खुदकन हसली. आईनं दोन पुड्या मागितल्या.

“दुसरी कुणाला?”

“मला. मीबी बसणार हाय की पाव्हण्यांम्होरं.”