टोकावड्याची गोणी

कोपरच्या राजरत्न ओव्हाळने चोवीस वर्षं कड्या-कोयंडे, बिजागऱ्या आणि कुलपं विकली. कंपनी ठाण्याची, पण त्याचा संसार कल्याण-मुरबाड रस्त्यावरचा. म्हसा, सरळगाव, टोकावडे, कुठेही हार्डवेअरचं दुकान दिसलं की त्याची गाडी आपोआप हळू व्हायची. "माझा एरिया," असं तो म्हणायचा आणि ते कुणाला खटकायचंही नाही.

यंदा साहेबांनी त्याच्याबरोबर स्वप्नाला धाडलं. बाळकुमची, सव्वीस वर्षांची, आधी टाइल्सच्या शोरूममध्ये होती. "दोन दिवस फिरव, एरिया दाखव," साहेब म्हणाले. राजरत्न हसून हो म्हणाला. पण त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही.

मुरबाडलाच त्याचा जीव जळायला लागला. तिथले दुकानदार भिवाशेठ त्याला आजवर काउंटरच्या बाहेर उभा ठेवायचे. स्वप्नाला म्हणाले, "बस गं, उन्हातून आलीस." सरळगावात तर दुकानदाराने तिचा नंबर घेतला आणि राजरत्नसमोरच सेव्ह केला. ती फार बोलायचीही नाही. विचारायची, ऐकायची, लिहून घ्यायची. तेच त्याला जास्त लागत होतं. गोड बोलून माल खपवत असती तर निदान नावं तरी ठेवता आली असती.

टोकावड्याला काळुरामशेठचं दुकान आलं आणि राजरत्नच्या मनात पाप आलं. तिथे तीन वर्षांपासून त्याच्याच कंपनीच्या गंजलेल्या बिजागऱ्यांची एक गोणी पडून होती. गेलं की काळुराम आधी ती गोणी दाखवायचा आणि मग तोंडाचा पट्टा सोडायचा. राजरत्न मान खाली घालून ऐकायचा, वर कळवतो म्हणायचा आणि निघायचा.

"तू हो पुढे," त्याने गाडीतूनच सांगितलं. "मला एक फोन करायचाय."

फोन कुठला? तो काच खाली करून कान देऊन बसला. काळुरामचा आवाज चढला, पाच मिनिटं चढलेलाच राहिला. राजरत्नला बरं वाटलं. मग आवाज थांबला. अर्धा तास झाला तरी ती बाहेर येईना, तेव्हा तोच उतरला.

स्वप्ना पालथ्या बादलीवर बसली होती. गोणी जमिनीवर रिकामी केलेली. समोर काळुरामची बायको तुळसा मांडी घालून बिजागऱ्या निवडत होती. दोघींच्या मध्ये चहाचे कप.

"ओव्हाळ, हे बगा," तुळसा म्हणाली. "बिजागरी गंजतच नाय. पाकिटातला स्क्रू गंजतो नि त्याचा डाग हिला लागतो. पोरीनं घासून दाखवलंन. तुमी कदी गोणी उघडलीव तरी का?"

 काळुरामने राजरत्नला चहाचं विचारलं, पण परक्या माणसाला विचारावं तसं.

परतताना शहाडचा पूल आला. मग स्वप्ना म्हणाली, "सर, भिवाशेठ म्हणालेले, टोकावड्याला शिव्या खायची तयारी ठेव. तुम्हाला माहीत होतं ना?"

"होतं."

"मग सांगायचं ना." एवढंच बोलून ती खिडकीबाहेर बघत राहिली.

घरी येऊन तो फोनवर साहेबांना रिपोर्ट लिहायला बसला. 'स्क्रूमध्ये दोष असल्याचे आम्हाला आढळले.' 'आम्हाला' हा शब्द त्याने दोनदा खोडला आणि दोनदा लिहिला. बायको, माया, मागून वाचत होती. "आम्हाला म्हणजे कुणाला रे?" तिने विचारलं. त्याने रिपोर्ट तसाच पाठवला आणि फोन उलटा ठेवला.

सोमवारच्या मीटिंगमध्ये साहेबांनी त्याची पाठ थोपटली. "चोवीस वर्षांचा अनुभव, दुसरं काय!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. स्वप्नाही वाजवत होती, त्याच्याकडे न बघता. त्या टाळ्या त्याला सोसवेनात. तो उठला.

"साहेब, स्क्रू हिने शोधला. मी गाडीत बसलेलो. हिला बोलणी बसावीत म्हणून मीच एकटीला आत पाठवलेलं."

 साहेबांनी चष्मा काढला, पुसला आणि पुढचा विषय घेतला.

महिन्याभरात पाकिटांतले स्क्रू बदलले आणि मुरबाडची लाइन स्वप्नाकडे गेली. राजरत्नला पडघा-वाड्याचा रस्ता मिळाला. तिथे त्याला कुणी ओळखत नाही. दुकानात शिरला की तो आधी परत आलेला माल बघायला मागतो आणि जमिनीवर बसून एकेक पाकीट फोडतो. पहिल्याच फेरीत वाड्याच्या एका दुकानदाराने त्याला काउंटरच्या आत स्टूल दिलं.

म्हणून जळणं थांबलं असं नाही. शनिवारी ऑफिसच्या ग्रुपवर स्वप्नाचे आकडे येतात, पाठोपाठ सगळ्यांचे अंगठे पडतात. राजरत्न ते आकडे दोनदा वाचतो, आपल्या आकड्यांशी ताडून बघतो, मायाला चहा टाकायला सांगतो. चहा पिऊन झाला की मग, सगळ्यांच्या शेवटी, तोही एक अंगठा टाकतो.