कल्पनाची ब्रेलपट्टी

कल्पना गेल्याचा तिच्या आईचा, सिंधूमावशींचा फोन आला, तेव्हा मी कापड मार्केटमधल्या आमच्या ऑफिसात डबा उघडत होते. "सुटली माय..." एवढंच त्या म्हणाल्या. त्यांच्यामागे शेजारच्या लूमची, यंत्रमागाची, खडखड चालूच होती.

नवागामच्या एकाच गल्लीत आम्ही वाढलो. कल्पनाला जन्मापासून दिसत नव्हतं. पंचविशीनंतर कानही गेले. बोलायची मात्र छान, जरा मोठ्यानं... एका संस्थेनं तिला कुणीतरी वापरलेली ब्रेलपट्टी दिली होती. ती कॉम्प्युटरला जोडली की पडद्यावरची अक्षरं ठिपके होऊन बोटांखाली उठायची. त्या पट्टीवर ती पेपर वाचायची, बातम्यांवर आमच्याशी भांडायची आणि लातूरच्या सुधाकरला रोज मेल लिहायची. त्यालाही तिच्यासारखंच दिसत नव्हतं. त्याचं नाव काढलं की ही लगेच विषय बदलायची.

दोन वर्षांपूर्वी तिचा जुना कॉम्प्युटर जळाला. उधन्याच्या दुकानातून नवा आणला, तर पट्टी मुकी. दुकानदारानं ती उलटसुलट करून पाहिली. "बेन, मशीन सारुं छे. पण आ सिस्टिम एने ओळखती नथी." पट्टी चांगली आहे, नवी सिस्टिमच तिला ओळखत नाही, असं त्याचं म्हणणं. कुठलंही यंत्र जोडलं तरी आतल्या सिस्टिमला ते आपोआप कळत नाही; त्यासाठी ड्रायव्हर नावाचा छोटा प्रोग्रॅम लागतो, आणि तोही त्याच सिस्टिमसाठी लिहिलेला. पट्टी बनवणारी कंपनी कधीच बंद पडली होती. नवा ड्रायव्हर लिहायला कुणी उरलंच नव्हतं. मग त्यानं जुनी सिस्टिम घातली. पट्टीचे ठिपके उठले, कल्पना हसली... पण त्या सिस्टिमकडे नव्या कॉम्प्युटरच्या नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर नव्हता. मेल येईल तर वाचता येईना, वाचता येईल तर मेल येईना. बाहेरून लावायचं जुनं कार्ड शोधून आणलं, तर मेलवाल्यांनी इतकी जुनी सिस्टिम आत घ्यायलाच नकार दिला. नवी पट्टी आमच्या आवाक्याबाहेरची होती.

हे सगळं मी तिच्या तळहातावर बोटानं लिहून सांगितलं; कान गेल्यावर अक्षरांची वळणं तिनं अशीच शिकून घेतली होती. "म्हणजे आता वाट कुणाची बघायची?" तिनं विचारलं.

मग मीच सुधाकरच्या मेल पेनड्राइव्हवर घेऊन जायची, तिची उत्तरं घेऊन यायची. काही महिने असं चाललं. एके दिवशी तिनं पेनड्राइव्ह परत माझ्या हातात ठेवला. "तू वाचत नसशील गं. पण तुझ्या हातून जातं ना सगळं..." त्यानंतर तिनं लिहिलं नाही. त्याच्या मेल येत राहिल्या, मग विरळ झाल्या, मग थांबल्या. ती गेल्याचं मी त्याला कळवलंय. उत्तर नाही.

शेवटी कावीळ झाली तेव्हा तिला दवाखान्यात ठेवलं. अक्षरं जेमतेम येणाऱ्या सिंधूमावशी तिच्या तळहातावर एकेक अक्षर गिरवायच्या. 'बरं वाटेल.' कल्पना म्हणाली, "आई, खरं लिही." मावशींचं बोट तिथंच थांबलं. "आते काय करवा, माय?" त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं. कल्पना हात तसाच उघडा धरून बसली होती.

परवा त्यांच्याकडे गेले होते. मावशींनी दार उघडलं, माझा हात हातात घेतला आणि तळव्यावर सावकाश 'बस' असं लिहिलं. मी बसले. त्यांनी माझा हात सोडला नाही. पुढचं अक्षर काढायला बोट उचललं, आणि ते तसंच राहिलं...